तयारराव कॅन्यनला निघतात

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की घराचे हप्ते अंगवळणी पडतात, मुलं आपापले डबे भरू लागतात, गुडघ्यांनी अजून तक्रार सुरू केलेली नसते आणि नोकरीत नवं असं काही उरलेलं नसतं. या टप्प्यावर काहीजण मंडळाच्या नाटकात शिरतात, काही ढोलपथकात जातात, काही कुंडीतला कढीपत्ता थंडीत जगवण्याच्या नादी लागतात. उरलेल्यांपैकी जे जरा हिशेबी असतात ते अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये पाठीवर बिऱ्हाड घेऊन उतरायचं ठरवतात. कठड्याशी उभे राहून फोटो काढणारे आणि संध्याकाळी हॉटेलात परतणारे पर्यटक त्यांच्या हिशेबी कॅन्यनला गेलेलेच नसतात. यांना तळाशी, कोलोरॅडो नदीच्या काठी, तंबूत दोन रात्री काढायच्या असतात. मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी जोडून जायचं असतं आणि तयारी आधीच्या दिवाळीपासून सुरू झालेली असते. फ्रीमाँटपासून एडिसनपर्यंत कोणत्याही मराठी घरच्या पंगतीत हे गृहस्थ भेटतात. ‘काय म्हणताय?’ असं विचारलं की ‘तयारी चालू आहे’ असं उत्तर येतं, आणि पुढचा पाऊण तास ते उत्तर संपत नाही. आपण त्यांना तयारराव म्हणू.

तयाररावांची थट्टा सगळेच करतात, पण चुकीच्या कारणासाठी. लोक म्हणतात, चालायलाच तर जायचंय, इतकी कसली तयारी? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. तयाररावांची तयारी फार नसते, फार कमी असते. जे विकत मिळतं, काट्यावर चढतं आणि खोक्यात बसून दारात येतं त्याची तयारी ते अशी करतात की कोणी बोट ठेवू नये. ज्या गोष्टींवर कॅन्यन माणसाचा निकाल लावतं त्या मात्र फुकट असतात, आणि फुकट असल्यामुळेच त्यांच्या यादीत येत नाहीत. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पहिल्या प्रकारची तयारी जसजशी वाढते तसतशी ती दुसऱ्या प्रकारच्या मुळावर येते. हा आरोप गंभीर आहे, म्हणून पुराव्यानिशीच केला पाहिजे.

आधी सामान पाहू. पोळ्यांची कणीक मोजायला आणलेला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दिवाळीनंतर तयाररावांच्या ताब्यात जातो. त्यावर टायटॅनियमचा चमचा चढतो, तंबूच्या खुंट्या चढतात, पायमोजे आधी कोरडे आणि मग ओले करून चढतात. टूथब्रशचा दांडा अर्ध्यावर कापला जातो. झोपायच्या चटईची आर-व्हॅल्यू आणि स्लीपिंग बॅगेतल्या पिसांची फिल पॉवर हे आकडे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. बायकोच्या वाढदिवसाबद्दल तशी खात्री देता येत नाही. एक्सेलच्या पत्रकात वस्तू, वजन, किंमत, पर्याय आणि शेरा असे रकाने असतात. दर रविवारी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर हे सगळं सामान रुखवतासारखं मांडलं जातं, खुर्चीवर चढून वरून त्याचा फोटो काढला जातो आणि आल्यागेल्याला एकेक वस्तू हातात देऊन ‘बघा, काही वजन लागतंय का?’ असं विचारलं जातं. पाहुणे मान हलवतात. वजन खरोखरच लागत नाही, कारण ते किमतीत गेलेलं असतं.

या सगळ्या खटाटोपाचं ध्येय म्हणजे ‘बेस वेट’, पाठीवरच्या सामानाचं मूळ वजन. दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत ज्याचं बेस वेट आलं तो अल्ट्रालाइट पंथात सिद्धपुरुष गणला जातो. या मोजमापात अन्न, पाणी आणि इंधन धरायचं नसतं, कारण ते वाटेत संपत जातं. जंगलातल्या वाटेवर, जिथे तासाभराच्या अंतरावर ओढा भेटतो, तिथे हा हिशेब रास्त आहे. वाळवंटात मात्र त्याची फजिती होते. साउथ कैबाब ही कॅन्यनमध्ये उतरणारी प्रसिद्ध वाट सुमारे अकरा किलोमीटरची आहे आणि नदी गाठेपर्यंत तिच्यावर पिण्याचं पाणी नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं आणि हा आकडा कमी करणारं टायटॅनियम अजून निघालेलं नाही. चार लिटर पाणी घेतलं की पाठीवर चार किलो आलेच. टूथब्रशच्या दांड्यातून वाचलेले आठ ग्रॅम म्हणजे पाण्याचा अर्धा घोट. सहा महिने कमावलेलं बेस वेट एका बाटलीने बुडतं. वाळवंटातलं सर्वांत जड आणि सर्वांत गरजेचं ओझं ज्यात मोजायचंच नाही असं मोजमाप तयाररावांनी निवडलेलं असतं, आणि तेही अत्यंत अचूकपणे वापरलेलं असतं. कमरेभोवती वर्षानुवर्षं साठलेल्या वजनाला तर पत्रकात रकानाच नसतो.

आता कॅन्यन काय मागतं ते पाहू. डोंगर सरळमार्गी असतो. तो दम आधी काढतो. झेपत नाही असं वाटलं की माणूस वळतो आणि उतार त्याला घरी आणून सोडतो. कॅन्यनमध्ये उतार आधी आणि चढ नंतर. दक्षिण कठडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि तळाची नदी सुमारे ७५० मीटरवर. साउथ कैबाबची वाट कठड्याच्या जरा उंच भागातून सुटते, म्हणून तिने जवळजवळ १,४५० मीटर उतरावं लागतं. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रात पाय बुडवून कळसूबाई चढायला घेतली तर जेवढं चढावं लागेल त्यापेक्षा थोडंसंच कमी, आणि तेही शेवटच्या दिवशी, शिणलेल्या पायांनी. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, असं राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर सांगतात. शिवाय खाली जावं तसं ऊन वाढतं. जुलैत कठड्यावर पारा तिशीच्या आत असतो तेव्हा तळाशी तो चाळिशी ओलांडतो. मे अखेरीस आकडे थोडे सौम्य असतात, पण तेही कीव करणारे नसतात. घरापासून जिथे सर्वांत लांब, तिथेच सर्वांत जास्त तापतं, अशी ही जागा आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार वाटेवर चालू नका, सावलीत पाण्यापाशी बसा, नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा विचार करू नका, असं उद्यान पुनःपुन्हा बजावतं. १९९७ सालापासून तर लोक संकटात सापडायच्या आधीच त्यांना गाठणारी एक वेगळी यंत्रणाच वाटेवर उभी असते. कुठवर निघालात, पाणी किती आहे, खारं खायला काय आहे, असं तिथले लोक विचारतात. चमच्याचं वजन कोणी विचारत नाही.

तयाररावांना ही माहिती नसते असं कोणी समजू नये. त्यांना ती पाठ असते. फक्त प्रत्येक सूचना कानातून डोक्यात जाईपर्यंत तिची खरेदी झालेली असते. ‘उन्हात चालू नका’ हे ऐकून ते चंदेरी छत्री मागवतात. ‘अंग ओलं ठेवा’ हे वाचून मान गार ठेवणारा खास पंचा येतो. घरातला सुती पंचा आयुष्यभर हेच काम करत आला आहे याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ‘पहाटे अंधारात निघा’ म्हटलं की लाल उजेडाचा हेडलॅम्प येतो. हेडलॅम्प येतो, पहाट येत नाही. शनिवारच्या सरावाला तयारराव कांदेपोहे आणि दोन कप चहा आटोपून साडेदहाला बाहेर पडतात, म्हणजे ज्या वेळी कॅन्यनमध्ये शहाणा माणूस सावली धरून बसतो त्या वेळी हे चालायला सुरुवात करतात. सरावही सपाट तळ्याभोवती, कारण तिथे गाडी लावायला जागा मिळते. घरात चौदा पायऱ्यांचा जिना रोज समोर असतो. ‘अरे, ती बॅग पाठीला लावून हा जिना एकदा वीस वेळा चढून उतरून तर बघ,’ असं बायको सुचवते. हा सल्ला फुकट आणि घरचा, असा दुहेरी दोष त्यात असल्यामुळे तो पत्रकात शिरत नाही.

इथे परवान्याचं प्रकरण येतं, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभा त्यातच आहे. कॅन्यनमध्ये रात्र काढायची तर उद्यानाचा परवाना लागतो. त्यासाठी सुमारे चार महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. कोणत्या रात्री कोणत्या कॅम्पवर, हे परवान्यावर आधीच ठरलेलं असतं. लहान गट म्हणजे जास्तीत जास्त सहा माणसं, म्हणून तयाररावांचा गट सहाचाच असतो. गटाचं नाव ‘कॅन्यनचे मावळे’ असं काहीतरी असतं. त्यातला एकजण फक्त लिंका पाठवतो. दुसरा दर आठवड्याला ‘तिथे रेंज येते का?’ असं विचारतो. तिसरा क्रेडिट कार्डावर रक्कम पडेपर्यंत सर्वांत उत्साही असतो आणि त्यानंतर त्याच्या सासूबाई भारतातून येणार असतात. महिनासुद्धा कॅन्यनचा स्वभाव पाहून नव्हे तर रजेचा हिशेब पाहून ठरलेला असतो. मे उजाडेपर्यंत रजा मंजूर झालेली असते, विमानाचं तिकीट परत न होणारं असतं, सामानावर एका जुन्या गाडीची किंमत गेलेली असते आणि पुण्यात आत्यापर्यंत बातमी पोचलेली असते. आता समजा अर्ध्या वाटेवर एका मावळ्याचा चेहरा लालबुंद झाला, त्याला मळमळू लागलं, घड्याळात साडेदहा वाजले. शहाणपण सांगतं, इथून मागे फिरा. पण मागे फिरणं म्हणजे सहा महिने, तिकीट, तंबू आणि आत्या एका क्षणात बुडीत खाती टाकणं. ज्याने काहीच गुंतवलेलं नाही तो ‘आज नको’ असं सहज म्हणतो. तयाररावांना ते म्हणता येत नाही. तयारीने माणसापुढचे मार्ग वाढावेत अशी अपेक्षा असते. ही तयारी त्यांतला सर्वांत सुरक्षित मार्गच बंद करते.

इतिहासात याला मोठी साक्ष आहे. २४ मे १८६९ रोजी जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या माजी सैनिकाने चार होड्या, स्वतःसकट दहा माणसं आणि दहा महिन्यांचा शिधा घेऊन वायोमिंगमधून कॅन्यनच्या पार जाणारा नदीप्रवास सुरू केला. दहा महिन्यांचा शिधा म्हणजे तयाररावांच्या कुलपुरुषालाच शोभणारी तरतूद. पुढच्याच महिन्यात एक होडी खडकावर फुटली आणि मोठा साठा नदीत गेला. फुटलेल्या होडीच्या अवशेषातून वाचवलं काय, तर पॉवेलसाठी उंची मोजायचे बॅरोमीटर, आणि माणसांसाठी त्याला न सांगता चढवलेला व्हिस्कीचा पिंप. लोकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या तेव्हा बॅरोमीटर सापडले म्हणूनच, अशी पॉवेलची समजूत झाली. शेवटी शेवटी उरलं होतं ते बुरसलेलं पीठ, वाळकी सफरचंदं आणि कॉफी. तरीही २९ ऑगस्टला पॉवेल कॅन्यनमधून बाहेर पडला, कारण पुढचा धबधबा झेपणार नाही असं दिसलं की होड्या दोराने सोडायच्या नाहीतर काठाने उचलून न्यायच्या, हा कंटाळवाणा निर्णय तो रोज घेत राहिला. विसाव्या शतकातली साक्ष हार्वी बुचर्ट यांची. फ्लॅगस्टाफला गणित शिकवणारे हे प्राध्यापक कॅन्यनच्या आतून १२,००० मैलांहून अधिक चालले. त्यांची पोतडी पाहून आजच्या तयाररावांना दया आली असती. पण नकाशावरच्या वाटांची त्यांची माहिती अशी होती की १९६३ साली कॉलिन फ्लेचर यांनी कॅन्यनच्या आतून लांबच लांब पदयात्रा करायचं ठरवलं तेव्हा त्यांना वाटा विचारायला बुचर्टांकडेच जावं लागलं.

तिसरी साक्ष मराठी प्रेक्षकांना ए. आर. रहमान यांच्या संगीतामुळे ऐकून माहीत असते. २०१० सालचा ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट ज्याच्यावर आहे तो आरन राल्स्टन शिक्षणाने इंजिनियर होता आणि डोंगरात मुरलेला होता. एप्रिल २००३ मध्ये यूटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये निखळलेल्या धोंड्याखाली त्याचा हात अडकला आणि सुटकेसाठी त्याला तो स्वतः कापावा लागला. त्याच्याजवळ दोर होते, कौशल्य होतं, धैर्य तर होतंच होतं. कमी होती ती एकच गोष्ट: आपण कुठे जातोय हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. ती गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि असती तर सर्वांत स्वस्त ठरली असती.

यावर पहिला आक्षेप पुण्यातून येतो, बहुधा काकांकडून. ‘आम्ही राजगड-तोरणा स्लीपर घालून केला, खांद्याला शबनम आणि तिच्यात दोन भाकऱ्या. ही सगळी अमेरिकन थेरं आहेत.’ काकांचा आक्षेप माझ्या बाजूचा वाटेल, पण मला तो मान्य नाही. काका हलके चालले कारण त्यांची तयारी इतरांनी आधीच करून ठेवली होती. गडावर कातळात टाकी कोरणाऱ्यांनी पाण्याची सोय केली होती, पायथ्याच्या गावाने पिठलं-भाकरीची, वाटेवर बसलेल्या मावशींनी ताकाची. हे सगळं काकांच्या बेस वेटमध्ये धरलेलं नाही. कॅन्यनमध्येही अशी माणसं होती. ब्राइट एंजल वाटेवर आज जिथे प्रवासी नळाला बाटल्या लावतात तिथे हवासुपाई लोक शेती करत. उन्हाळ्यात पाण्यापाशी पीक, हिवाळ्यात वर पठारावर शिकार, असं त्यांचं वर्ष ऋतूप्रमाणे वाटलेलं होतं. काय न्यायचं यापेक्षा कुठे कधी असायचं, हे त्यांचं ज्ञान होतं. १९२८ साली त्यांच्यातल्या शेवटच्या रहिवाशाला तिथून हुसकावण्यात आलं. जागेला त्यांचं नाव मिळायला २०२२ साल उजाडलं. नळ आहेत, पण ज्या नळवाहिनीवर ते अवलंबून आहेत ती वारंवार फुटते. म्हणून निघायच्या दिवशी ‘आज कुठे पाणी आहे?’ एवढं विचारणं हीसुद्धा तयारीच. काकांनी ती केली नसती आणि तयाररावही करत नाहीत, कारण त्यांच्याकडे तीन प्रकारचे फिल्टर असतात. कोरड्या नळाला फिल्टर लावून काही होत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द तयाररावांचा असतो. ते उपग्रहाशी बोलणारं यंत्र पुढे करतात. बटण दाबलं की मदत येते, मग उगाच भीती कशाला? यंत्र चांगलं आहे, जरूर न्यावं. पण बटण दाबल्याने सावली येत नाही. कडक उन्हाळ्यात सुटकेला वेळ लागू शकतो, हवा फार तापली की हेलिकॉप्टरलाही मर्यादा येतात, असं उद्यानच आधी सांगून ठेवतं. यंत्रावर विसंबलेला माणूस दोन वळणं जास्त पुढे जातो, आणि त्या दोन वळणांचं वजन यंत्राच्या वजनात धरलेलं नसतं. भीतीचंही असंच असतं. जिच्यावर काही विकत घेता येतं ती भीती तयारराव बाळगतात. रॅटलस्नेकसाठी पेटी, विंचवासाठी रात्री किरणं पाडणारा दिवा. तिकडे पठारावर काही मैल दूर कोसळलेला पाऊस अरुंद घळीत निरभ्र आकाशाखाली लोंढा होऊन येतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा अकरा प्रवाशांना घेऊन गेला. त्यावर उपाय एकच, हवामानाचा अंदाज वाईट असेल तर घळीत शिरायचं नाही. भंडारदऱ्याजवळच्या सांधण दरीत पावसाळ्यात उतरू नये हे तिथल्या साम्रद गावच्या पोरालाही कळतं, आणि त्याने त्यासाठी काही मागवलेलं नसतं.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. मग शरीर कमावलं की झालं, रोज जिना चढला की झालं? नाही. जुलै २००४ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन धावलेली एक तरुणी जेमतेम दीड लिटर पाणी घेऊन या कॅन्यनमध्ये लांब पल्ल्याला निघाली आणि परतली नाही. तेव्हापासून ‘तुम्ही बॉस्टन मॅरेथॉन धावू शकाल का?’ असं विचारणारं पत्रक उद्यानाने लावलं. पाय उत्तम असले तर ते माणसाला अडचणीत अधिक लांबवर नेऊन ठेवतात. जिना चढायचा तो केवळ पोटऱ्यांसाठी नव्हे, आपण कुठे थकतो हे आधी कळावं म्हणून. चौदाव्या फेरीला धाप लागते, हे दिवाणखान्यात कळलेलं बरं.

एका बाबतीत मात्र तयारराव नकळत पूर्ण तयार असतात, आणि त्याचं श्रेय त्यांच्याकडे जात नाही. उद्यान सांगतं, पाण्याबरोबर खारं खात राहा. घामातून मीठ जातं, आणि वरून नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम इतकं उतरतं की जीवावर बेततं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर आई जो ‘बाळा, पाणी पीत राहा रे’ असा धोशा लावते तो अर्धाच बरोबर. उरलेला अर्धा तिने न सांगता डब्यात भरून दिलेला असतो: पोह्यांचा चिवडा, खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं, शेव, थोडं मेतकूट. न शिजवता खाता येतं, उन्हात टिकतं आणि खारट असतं; वाळवंटी कॅन्यनसाठी याहून नेमका शिधा कोणी ठरवूनही आखला नसता. तयारराव मात्र पाकिटातला गोठवून वाळवलेला पास्ता भरतात आणि चिवडा ‘गाडीतल्या प्रवासाला’ म्हणून वगळतात. इलेक्ट्रोलाइटची पावडर डॉलर मोजून येते. लिंबू, मीठ आणि साखर यांचं नातं आजीला माहीत होतं हे कोणी काढत नाही. तरीही जो डबा बरोबर येतोच, त्याला वेगळे ग्राहक भेटतात. तिथले कावळे बॅगेची चेन उघडायला शिकलेत आणि खारी चावायलाही मागेपुढे पाहत नाहीत. तयाररावांच्या यादीतल्या सर्व श्वापदांपेक्षा या खारींचे चावे जास्त लोकांना बसतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत मायाळू आहे: असू द्या ना, तयारीतच त्यांचा आनंद आहे. जानेवारीच्या काळोख्या संध्याकाळी, मुलं आपापल्या खोल्यांत आणि बायको मीटिंगमध्ये असताना, एखादा गृहस्थ गालिच्यावर खुंट्या मोजत बसला तर कोणाचं काय बिघडतं? काहीच नाही. हा छंद दारूपेक्षा स्वस्त नसला तरी निरुपद्रवी आहे, आणि मी तो मोडा म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्याला छंद म्हणा, तयारी म्हणू नका. नाव बदललं की दोन गोष्टी आपोआप होतात. छंदावर झालेला खर्च वसूल करायला कोणी भर दुपारी दरी चढत नाही, आणि तयारी अजून बाकी आहे ही जाणीव जागी राहते.

ती बाकी तयारी तयाररावांना पटवायची तर त्यांच्याच भाषेत सांगितली पाहिजे. उपदेश त्यांना चालत नाही, रकाना चालतो. तेव्हा पत्रकात चार ओळी वाढवाव्यात. एक, पहाटे चारचा गजर, आणि त्या गजराला उठणं. दोन, सकाळी दहाला जिथे असू तिथे सावली धरायची, कॅम्प दिसत असला तरी. तीन, सहापैकी सर्वांत दमलेला माणूस ‘परत’ म्हणाला की चर्चा न करता सगळ्यांनी परत, आणि पुण्याला आत्याला काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. चार, कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार आणि कुठल्या वेळेनंतर फोन फिरवायचा, हे कागदावर लिहून बायकोच्या हातात द्यायचं. किमतीच्या रकान्यात चारही ओळींपुढे शून्य. वजनाच्या रकान्यातही शून्य ग्रॅम. इतकं हलकं सामान जगातल्या कोणत्याही कंपनीला अजून बनवता आलेलं नाही, आणि परत करायला मुदतही घातलेली नाही.